उत्तरेचे बालक आणि गृहस्थाचे ताट



तंजावरजवळ तिरुवैयारु येथे कावेरीच्या तीरी श्रीत्यागराजस्वामींची समाधी आहे. रामनामाच्या ओढीने येथे येणाऱ्या भाविकांपैकी एक गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानी असते. या महात्म्याचा जन्म १७६७ सालचा. ते अवघे १४ वर्षांचे असताना, १७८१ साली, हैदरअलीच्या फौजांनी हा सारा मुलूख व्यापला. तंजावरचा किल्ला तेवढा वाचला. भोवतालची गावे उजाड झाली, गुरेढोरे हाकून नेली गेली, पाठोपाठ दुष्काळ आला. त्या काळी तंजावरात राहून उपाशी लोकांस अन्न देणारे जर्मन पाद्री श्वार्ट्झ यांनी, या एका प्रांतातून १२,००० मुले पळवून नेल्याचे नमूद केले आहे. त्या मुलांपैकी कोणाच्या कंठी कोणते नाम वसत होते, हे आता कोण सांगणार?

हे वाचून कोणा एका पक्षाविषयी मनात रोष धरावा, असा याचा अर्थ नव्हे. अठराव्या शतकात आपल्याच मराठी बारगीरांनी बंगाल्यात जी धूळधाण केली, तिची आठवण तेथील अंगाईगीतांत अद्यापि उरली आहे. निशाण कोणाचेही असो, लढाईचा निर्णय मोठी माणसे घेतात आणि त्याचे भोग लेकरांच्या वाट्यास येतात.

येथे गीतेचा एखादा वाचक म्हणेल, ‘दुसऱ्या अध्यायात आत्मा अमर म्हटला आहे, ज्ञात्याने शोक कशाला करावा?’ या शंकेचे उत्तर भगवंतांच्या आचरणातच आहे. युद्ध संपल्यावर अश्वत्थाम्याच्या अस्त्राने उत्तरेचे बालक मृतावस्थेत जन्मास आले. अर्जुनास आत्म्याचे अमरत्व सांगणारे श्रीकृष्ण तेथेच उभे होते. त्यांनी त्या मातेला तत्त्वज्ञान सांगितले नाही. आपल्या सत्याची आण घालून त्यांनी त्या बालकास जिवंत केले; तोच परीक्षित. आत्म्यास भूक लागत नाही हे खरे. पण लेकराच्या देहास ती लागते. दुसऱ्याच्या लेकराची भूक टाळण्यासाठी जो अमरत्वाचा आधार घेतो, त्याने गीता अर्ध्यावरच मिटली असे समजावे.

तंजावरचे दुसरे सरफोजी राजे १७७७ साली जन्मले. त्या आक्रमणाच्या वेळी तेही अजाण बालकच होते. पुढे १७९९ साली राज्यकारभार इंग्रज कंपनीकडे गेला. तेव्हा रामेश्वराच्या वाटेवरील अन्नछत्रे मोडू नयेत, अशी त्यांची कळकळ होती. १८०१ सालच्या त्यांच्या पत्रात या छत्रांची व्यवस्था वर्णिली आहे. तेथे आलेले अनाथ मूल, ते कोणाचेही असो, शाळेच्या पंतोजींच्या स्वाधीन केले जाई. त्यास तीन वेळा जेवण, दर चार दिवसांनी तेल, आजारात औषध आणि अंगावर वस्त्र मिळे; त्याच्या आवडीची विद्या त्यास शिकवीत, आणि शेवटी त्याच्या लग्नाचा खर्चही छत्रच करी. पोटच्या मुलासाठी आईबाप याहून निराळे काय करतात?

राज्य गेलेल्या राजास जे सुचले, ते घर असलेल्या गृहस्थास का सुचू नये? युद्धे संपली नाहीत. १९८३ ते २००९ या काळात श्रीलंकेच्या यादवीतून पळून आलेली कुटुंबे याच तमिळ भूमीत आश्रयास आली आणि छावण्यांतच कित्येकांची मुले जन्मली. युद्ध थांबविणे आपल्या हाती नसेल. पण केवळ स्वतःसाठी शिजविणारा पापच खातो, हे तिसऱ्या अध्यायातील वचन थेट आपल्याच चुलीस उद्देशून आहे. म्हणून जेवावयास बसताना एका निराधार लेकराचा वाटा आधी बाजूला काढावा. त्याची फी, त्याची वही, त्याचे औषध हेच त्या दिवसाचे पारायण मानावे. देताना त्याची जात वा त्याच्या बापाचा पक्ष विचारू नये.

ज्यांनी उत्तरेचे बालक राखले, ते भगवान आपणां सर्वांस ही बुद्धी देवोत.

श्रीकृष्णार्पणमस्तु.