दुय्यम भूमिकेची नीति

संगीत नाटकाच्या प्रेक्षकानें नटाला शाबासकी देण्याची एक ठरलेली रीत होती. पद आवडलें कीं त्यानें 'वन्स मोअर' म्हणून ओरडावें आणि गाणाऱ्यानें तें पुन्हां म्हणावें. गद्य बोलणाऱ्या नटाच्या वाट्याला हा मान सहसा येत नसे. त्याचें वाक्य कितीहि अचूक पडलें तरी तें पुन्हां मागावयाचें कसें? संवाद पुढें सरकलाच पाहिजे, आणि पुष्कळदां तो दुसऱ्याच्या पदाकडेच सरकत असे. दुसऱ्याच्या उत्कर्षाची वाट तयार करण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्याच्या जीविताचें मोल कसें करावें, हा प्रश्न केवळ रंगभूमीचा नव्हे. परंतु तेथें तो जितका उघडा दिसतो तितका इतरत्र दिसत नाहीं, म्हणून आम्ही तेथूनच प्रारंभ करितों.

गणपतराव बोडस (१८८०–१९६५) यांची घडण किर्लोस्कर नाटक मंडळींत झाली, आणि त्यांची कीर्ति मुख्यतः गळ्यावर नव्हे, तर गद्यावर उभी राहिली. १९११ सालीं 'मानापमान' रंगभूमीवर आलें, तेव्हां भामिनी झाले बालगंधर्व. बोडसांच्या वाट्याला आला तो श्रीमंत आणि भित्रा लक्ष्मीधर. १९१६ सालच्या 'संशयकल्लोळां'त बालगंधर्व रेवती, तर बोडस संशयानें स्वतःचेंच घर पोखरणारा फाल्गुनराव. १९१९ सालीं गडकऱ्यांच्या निधनानंतर 'एकच प्याला' रंगभूमीवर आलें. त्यांत बालगंधर्व सिंधू आणि बोडस सुधाकर. सुधाकर हा वस्तुतः कथेचा नायकच. त्याला दुय्यम कोण म्हणेल? तथापि प्रेक्षकांचें प्रेम सिंधूकडे जाणार, हें ठरलेलेंच होतें. भ्याडपणा, संशय आणि व्यसन यांना देह देण्याचें काम गणपतरावांकडे आलें, आणि त्यांनीं तें असें केलें कीं त्या भूमिकांचीं नांवें काढतांच त्यांचेंहि नांव निघूं लागलें.

अशा भूमिकेंत नटाला एक मोह सदैव होत असतो. फाल्गुनरावाचा मूर्खपणा दाखवितांना, 'मी स्वतः कांहीं इतका मूर्ख नाहीं हो' असें प्रेक्षकाला हळूच सुचवावें; सुधाकर होतांना मधूनच एखादा दीनवाणा उसासा टाकून थोडी सहानुभूति आपल्या पदरांत पाडून घ्यावी. परंतु ज्यानें असें केलें त्यानें नाटकाचा घात केला. फाल्गुनरावाचा संशय त्याला स्वतःला सोळा आणे खरा वाटला, तरच प्रेक्षकांत बसलेल्या गृहस्थाला हसतां हसतां स्वतःच्या घराची आठवण होते. सुधाकरानें आपली बाजू सांवरून घेतली, तर सिंधूचें दुःख खोटें पडतें. म्हणजे येथें सद्गुण केवळ विनयाचा नाहीं. तो सत्यनिष्ठेचा आहे. स्वतःचा बचाव न करितां उभें राहणें, हें त्या निष्ठेचें पहिलें लक्षण होय.

हें एका रात्रीपुरतें कोणासहि साधेल. खरी कसोटी कारकीर्दीच्या लांबीची. पाठांतर पक्कें झालें, हशा कोठें पिकतो हें कळून चुकलें, कीं नटाचें मन भूमिकेंतून निघून जातें आणि जीभ तेवढी मागें राहते. ठाऊक असलेली गोष्ट प्रत्येक रात्रीं नव्यानें कळल्यासारखी भासविणें, हें ज्या नटाला वर्षानुवर्षें करावें लागतें, त्याच्या तपाची बरोबरी एकाच तेजस्वी रात्रीच्या यशाला येणार नाहीं.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो आम्हांस टाळतां येत नाहीं. दुय्यम कामाची महती गाणारे बहुधा अग्रस्थानीं बसलेलेच असतात! थोरला भाऊ शिक्षण सोडून नोकरीस लागतो, धाकटा पदवी मिळवितो, आणि 'दादांचा त्याग' या विषयावर सुंदर भाषण धाकटाच करितो. जन्मभर स्वयंपाकघरांत राबलेल्या आत्याबाईंना आपण घराचा आधारस्तंभ म्हणतों. घराचा कोणताहि निर्णय घेतांना मात्र त्यांना विचारीत नाहीं. अशी स्तुति म्हणजे न दिलेल्या वेतनाची पावती होय.

गणपतरावांच्या चरित्रांतील एक गोष्ट या आक्षेपाला उत्तर देते, निदान उत्तराची दिशा तरी दाखविते. १९१३ सालीं गंधर्व नाटक मंडळी निघाली, तेव्हां बालगंधर्व व गोविंदराव टेंबे यांच्या बरोबरीनें गणपतराव बोडस हेहि तिचे मालक होते. पाटीवर नांव एकाचेंच लागलें, परंतु मालकी तिघांची होती. ही भागीदारी पुढें टिकली नाहीं, हें खरें. पण तिच्यांतील तत्त्व त्यामुळें खोटें ठरत नाहीं. टाळ्यांची वांटणी सारखी होणें शक्य नाहीं, कारण टाळी कोणाच्या हुकमानें पडत नाहीं. उत्पन्नांतील आणि निर्णयांतील वांटा मात्र देतां येतो. तो दिला, तरच दुय्यम भूमिका ही मनुष्यानें पत्करलेली भूमिका होते. न दिला, तर ती केवळ त्याच्यावर लादलेली चाकरी उरते. पहिल्या स्थितींत निष्ठा हा गुण आहे. दुसरींत निष्ठेची अपेक्षा करणें हाच अन्याय आहे.

१९५६ सालीं संगीत नाटक अकादमीनें गणपतरावांना अभिनयाबद्दल पुरस्कार देऊन गौरविलें. तत्पूर्वींच, १९४० सालीं, त्यांनीं आपलें आत्मचरित्र प्रसिद्ध केलें होतें, आणि त्याला नांव दिलें होतें 'माझी भूमिका'. भूमिका या शब्दाचे आपल्या भाषेंत दोन अर्थ आहेत: नटानें घेतलेलें सोंग, आणि मनुष्यानें विचारपूर्वक घेतलेली बाजू. जन्मभर दुसऱ्यांचीं दूषणें अंगावर वागविणाऱ्या नटानें तीं सारीं सोंगें उतरविल्यावर त्या शब्दामागें 'माझी' लिहावें, यांत आम्हांस या प्रश्नाचें सार दिसतें. आपल्या घरांतील किती माणसांना आपण तो शब्द लिहूं दिला आहे, हें ज्याचें त्यानें पाहावें.