विकणाऱ्याचें मौन

जुनी मोटारसायकल घ्यावयास आलेला मनुष्य आधीं मीटरकडे पाहतो आणि मग गाडीकडे. गाडी किती वर्षांची, रंग मूळचा कीं मागाहून दिलेला, टायर केव्हांचे, हें सारें तो विचारतोच. पण त्या कांचेखालच्या पांच-सहा आंकड्यांना त्याच्या मनांत जें वजन असतें तें दुसऱ्या कशालाहि नसतें. आपल्याकडे ‘मायलेज’ हा शब्द दोन अर्थांनीं चालतो. एका लिटरांत गाडी किती किलोमीटर धांवते हा एक, आणि आजवर ती एकंदर किती धांवली हा दुसरा. मी येथें दुसऱ्या अर्थानें लिहीत आहें. पहिल्याविषयीं विकणारा थोडें वाढवून बोलतो व घेणारा तितकेंच वजा करून ऐकतो. तेव्हां तेथें नीतीचा प्रश्न फारसा उरत नाहीं.

मीटर खरें आहे असें धरलें तरी तें सांगतें काय? जुन्या धर्तीच्या गाडींत पुढच्या चाकांतील एक लहान दांतेरी चक्र केबल फिरवतें, आणि ती केबल आंकड्यांचीं चाकें पुढें ढकलते. म्हणजे चाक किती फिरलें एवढीच त्याची साक्ष. तेल वेळेवर बदललें कीं नाहीं, घाटांत इंजिनाची दशा काय झाली, यांतलें त्याला कांहीं ठाऊक नसतें. पांच घरांचें मीटर ९९,९९९ च्या पुढें गेलें कीं निर्लज्जपणें पुन्हां शून्यापासून आरंभ करतें, तें वेगळेंच. दहा वर्षांत अवघे ६,००० किलोमीटर झालेली गाडी म्हणजे पुरून ठेवलेलें धन, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः उभ्या राहिलेल्या गाडीचीं रबरें ताठरतात, टाकी गंजते, कार्बोरेटरांत पेट्रोल सुकून राळेसारखें चिकटून बसतें. नीट निगा राखलेली ५०,००० ची गाडी तिच्यापेक्षां पुष्कळदां बरी. म्हणून जाणता मिस्त्री आंकडा ओझरता पाहतो व खालीं वांकतो. ब्रेकच्या पायपट्टीचें रबर किती झिजलें, हँडलच्या मुठी गुळगुळीत झाल्या आहेत का, मागच्या चेनचक्राचे दांते टोंकाशीं निमुळते होऊन एका अंगास झुकले आहेत का, सायलेन्सरांतून निळसर धूर येतो का, हें तो पाहतो. वीस हजारांच्या मीटरखालीं पार झिजलेली पायपट्टी दिसली, तर दोहोंपैकीं कोण खोटें बोलत आहे हें त्यास विचारावें लागत नाहीं.

या विषयाकडे मी पुस्तकांतून वळलों नाहीं. गेल्या वर्षीं मीं माझी मोटारसायकल विकावयास काढली. आठ वर्षें मी तिच्यावरून कॉलेजांत जात-येत होतों, आणि मीटरवर आंकडा होता ३८,४१२. मात्र मध्यंतरीं अठरा महिने मीटरची केबल तुटलेली होती. वेगाचा कांटाहि त्यामुळें शून्यावरच असे. पण माझ्या वेगाबद्दल कोणाची कधींच तक्रार नसल्यामुळें मला त्याची उणीव भासली नाहीं. पेट्रोलचा खर्च वहींत टिपून ठेवण्याची मला जुनी संवय आहे. दरमहा सरासरी ११ लिटर व लिटरला ५० किलोमीटर धरले, तर त्या अवधींत गाडी सुमारें ९,९०० किलोमीटर धांवली. विकावयाचें ठरल्यावर मात्र मीं केबल बदलून घेतली, कारण बंद मीटर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत भरतें; आणि मीटर जेथें थांबलें होतें तेथूनच मुकाट्यानें पुढें चालूं लागलें.

गुरुवारीं गाडी पाहावयास आलेला तरुण एका पतसंस्थेंत कारकून होता. त्यानें आंकडा वाचला, गाडी सुरू करून एक चक्कर मारली, आणि म्हणाला, “सर, तुमची गाडी म्हटल्यावर मीटर बघायलाच नको.” मी हसलों. ४२,००० रुपयांवर सौदा ठरला. रविवारीं पैसे घेऊन येतों असें सांगून तो गेला. तो फाटकाबाहेर पडतांच पत्नीनें विचारलें, “अहो, केबलचं सांगितलंत ना त्याला?”

“त्यानें विचारलें नाहीं,” मी म्हणालों. आणि हें उत्तर देत असतांनाच तें कोठें तरी वाचल्यासारखें मला वाटलें.

वाचलें होतें हें खरेंच, आणि शिकविलेंहि होतें. ख्रिस्तपूर्व ४४ मध्यें सिसेरोनें कर्तव्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागांत एका धान्यव्यापाऱ्याची गोष्ट आहे. ऱ्होड्स बेटांत दुष्काळ पडलेला. व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन तेथें पोंचतो. मागून आणखी गलबतें येत आहेत हें त्यास ठाऊक आहे. तें लोकांस सांगावें, कीं गप्प राहून चढ्या भावानें विकावें? बाबिलोनचा डायोजिनीस म्हणतो, कायद्यानें जे दोष सांगावयास लावले आहेत तेवढे सांगावे, कपट करूं नये, आणि खुशाल विकावें. न सांगणें व लपविणें हीं एक नव्हेत. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, सारें सांगावें. सिसेरोचा कौल शिष्याकडे आहे. वर्गांत मीं नेहमीं गुरूची बाजू थोडी अधिक उत्साहानें मांडीत आलों, कारण व्यवहार त्याच्याच बाजूनें चालतो असें मला वाटे.

आपला कायदाहि प्रथमदर्शनीं गुरूकडेच झुकतो. १८७२ च्या करार कायद्याच्या सतराव्या कलमांत स्पष्ट म्हटलें आहे कीं, नुसतें मौन म्हणजे कपट नव्हे. लिलांवांत सदोष घोडा विकणारा घोड्याविषयीं गप्प राहिला तर तें कपट नाहीं, असें उदाहरण तेथेंच दिलें आहे. पण त्याच्या पुढचीं उदाहरणें मीं त्या रात्रीं पुन्हां काढून वाचलीं. घेणारी जर विकणाराचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळें सांगणें हें कर्तव्य ठरतें. आणि घेणारा जर म्हणाला, ‘तुम्ही नाहीं म्हटलें नाहीं तर मी घोडा निर्दोष समजेन,’ व विकणारा गप्प बसला, तर तें मौन बोलण्यासारखेंच होय. ‘तुमची गाडी म्हटल्यावर’ या शब्दांचा अर्थ याहून निराळा काय होता? आणि मी तर नुसता गप्पहि राहिलों नव्हतों. मी हसलों होतों.

शिवाय घोडा आणि मोटारसायकल यांत एक फरक आहे, तो १८७२ च्या कायदेकारांपुढें नव्हता. घोड्याच्या कपाळावर आंकडा नसतो. मीं मीटरवर फडकें टाकून गाडी विकली असती, तर माझें मौन हें खरोखर मौन झालें असतें. येथें मी गप्प होतों तरी मीटर बोलत होतें, आणि तें माझ्याच वतीनें बोलत होतें; इतकेंच नव्हे, तर त्यानें बोलतें राहावें म्हणून मींच पैसे खर्चून केबल घातली होती. अमेरिकेंत १९७२ च्या कायद्यानें मीटर मागें फिरविणें बेकायदेशीर ठरविलेंच, पण विकणारानें आंकडा लेखी द्यावा, आणि तो खऱ्या अंतराशीं जुळत नाहीं हें ठाऊक असेल तर तेंहि लिहावें, असें बंधन घातलें. त्या कायदेकारांना मीटरचें बोलकेपण ओळखतां आलें होतें. ‘त्याला मिस्त्री आणतां आला असता’ हाहि एक आधार मीं स्वतःस देऊन पाहिला. एकोणिसाव्या कलमांत त्याला जागा आहे: सामान्य काळजीनें ज्यास सत्य कळलें असतें, अशा फसलेल्या मनुष्यास मौनाच्या कारणावरून करार मोडतां येत नाहीं. म्हणजे न्यायालयांत मी बहुधा तरलों असतों. पत्नीपुढें मात्र तें कलम वाचून दाखविण्याचें धैर्य मला झालें नाहीं. धर्मराजाचा रथ म्हणे भुईपासून चार अंगुळें वर चाले, आणि द्रोणापाशीं तें एक अर्धेंमुर्धें वाक्य बोलल्याबरोबर खालीं टेकला. त्यानें निदान तोंड उघडलें होतें.

रविवारीं तो आला. चहा होण्यापूर्वींच मीं त्यास सांगितलें: केबल, अठरा महिने, पेट्रोलची वही, सारें. तो शांतपणें ऐकत होता. मग म्हणाला, “सर, मला माहीत होतं.” शुक्रवारीं त्यानें मिस्त्रीस कॉलेजच्या स्टँडवर आणून गाडी दाखविली होती. “मिस्त्री पायपट्टी बघून म्हणाला, पंचेचाळीसच्या खाली नाही. म्हटलं, सर काय म्हणतात बघू.” खरें सांगावयाचें तर मला थोडा रागच आला, दोन दिवस तोहि गप्प होता, आणि माझी परीक्षा पाहत होता. पण हा राग कोणत्या तोंडानें बोलून दाखवावयाचा? त्यानें पाकीट पुढें केलें. आंत ३९,००० रुपये होते. तो घरून तेवढेच घेऊन निघाला होता. मीं घासाघीस केली नाहीं.

पावती लिहितांना त्यानें मीटरचें कलम घालावयास सांगितलें. शुक्रवार-शनिवारच्या फेऱ्यांनीं आंकडा ३८,४५६ झाला होता. मीं लिहिलें: मीटर सुमारें अठरा महिने बंद होतें, खरें अंतर अंदाजें ४८,३५०. इतकी वर्षें विद्यार्थ्यांच्या दाखल्यांवर सह्या केल्या, पण ही एक ओळ लिहितांना हात जड झाला. मी सही करणार इतक्यांत तो मागून वांकून वाचत म्हणाला, “सर, केबल कधी बदलली तेही लिहा.”

मीं तारीख लिहिली. जाहिरात दिली त्याच्या आदल्या दिवसाची.