हाताला आधी कळू द्यावे

श्रोतेहो, सागरगोट्यांच्या खेळात एक गोटा वर उडवून, तो खाली येण्याच्या आत जमिनीवरचे चार उचलायचे असतात, आधी एकेक, मग दोन-दोन, पुढे तीन आणि एक, शेवटी चारही एकदम. म्हणजे चार ही संख्या किती परींनी फुटते आणि पुन्हा जुळते, हे बेरजेचे चिन्ह पाहण्याआधीच मुलाला उमगू लागते. हाताला आधी कळू द्यावे, मग पाटीला.

अगदी लहान मुलाला झेल साधत नाही; त्याने नुसते चिंचोके मोजावेत. अंक पाठ म्हणणे म्हणजे मोजणे नव्हे. प्रत्येक चिंचोक्याला एकच अंक देणे, म्हणजेच एकास-एक संगती, ही पहिली पायरी होय. शेवटचा अंक हा शेवटच्या चिंचोक्याचे नाव नसून साऱ्या ढिगाची संख्या आहे, ही समज त्याहून अवघड असते, म्हणूनच मोजून झाल्यावर ‘किती झाले?’ असे विचारताच मूल पुन्हा पहिल्यापासून मोजू लागते. त्या क्षणी उत्तर न पुरवता थांबणे, हीच वडीलधाऱ्यांची खरी कसोटी.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत, पुढे कोसबाडला, बिया, खडे, शंख-शिंपले यांनाच शिक्षणाची साधने केले. महागड्या खेळण्यांची गरज नाही, हे त्यांनी सिद्ध केले.

हाताला आधी कळू द्यावे. श्रोतेहो, आज पाने मांडताना मुलाच्या हातून एक वाटी कमी पडली, तर कोणत्या पानावर ती नाही, हे त्यालाच शोधू द्यावे.