लॅडल उचलण्याआधी

आई अंबाबाई, परवा खंडेनवमीला भट्टीला हळदकुंकू वाहिलं, धातू तपासायच्या स्पेक्ट्रोला झेंडूचा हार घातला. आज पुन्हा रात्रपाळी. हार अजून तसाच आहे, थोडा सुकलाय. तुझ्यासमोर हात जोडतो ते धातू उतरायच्या आधी, कारण एकदा मॅग्नेशियम पडलं की हात जोडायलाही वेळ नसतो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या थोरल्यांनी ऑइल इंजिनांचं ओतकाम केलं ते करड्या बिडात. बीड गुणाचं आहे. मशीनची थरथर पोटात घेतं, साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात पोचतं. पण जोराचा ठोका बसला की वाकत नाही, तडकतं. त्याच्यातला कार्बन ग्रॅफाइटचे पापुद्रे होऊन बसतो आणि प्रत्येक पापुद्र्याचं टोक म्हणजे आयती चीर. 1943 साली, लढाईच्या दिवसांत, अमेरिकेत कीथ मिलिस क्रोमियमच्या टंचाईवर उपाय शोधत होते. त्यांनी वितळलेल्या बिडात मॅग्नेशियम घातलं आणि पापुद्र्यांच्या जागी गोळे झाले. ती बुद्धी तुझीच, असं मी मानतो.

तेच हे एसजी आयर्न, गोल ग्रॅफाइटचं बीड. टनभर धातूत कार्बन छत्तीस किलोच्या आसपास, सिलिकॉन पंचवीस, आणि शेवटी उरायला हवं ते मॅग्नेशियम जेमतेम 400 ग्रॅम. तेवढ्यानं बीड वाकायला शिकतं. 500/7 ग्रेडमधला तो 7 म्हणजे तुटण्याआधी धातू किमान सात टक्के ताणला जातो. पॉलिश केलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला की पांढऱ्या फरशीवर मोहरी सांडल्यासारखे काळे गोल दाणे दिसतात. इतकी वर्षं झाली, तरी ते दिसले की मला तुझं दर्शन झाल्यासारखं वाटतं.

पण ते 400 ग्रॅम टिकत नाहीत, आई. धातू ओतायच्या लॅडलमध्ये डोळे दिपवणारा उजेड होतो, पांढरा धूर उठतो आणि तिथूनच मॅग्नेशियम उडायला लागतं. काही गंधक खातं, काही हवेत जातं. दहाएक मिनिटांत सगळे साचे भरले पाहिजेत. उशीर झाला तर मोहरीचे पुन्हा पापुद्रे.

एका रात्री क्रेन अडकली. शेवटच्या चार साच्यांत धातू उशिरा पडला. गाडीचं पुढचं चाक ज्यावर बसतं ते नकल होते ते. सकाळी हातोडीनं वाजवून पाहिले. चांगला नग घंटेसारखा खणखणतो, हे बद्द वाजले. वरून रंग लावला असता तर कुणाला काही कळलं नसतं. चारही नग भंगारात टाकले, पण टाकण्याआधी हातोडी हातात धरून मी किती वेळ उभा राहिलो, ते तू पाहिलं आहेस. त्या उभं राहण्याची क्षमा कर. त्या चाकावर कुणाची तरी लेकरं बसून जोतिबाला जाणार होती.

आज एवढंच मागतो. भट्टीत घालायच्या भंगारात पाणी लपलेलं नसू दे, धातू उसळला तर भट्टीपाशी पोरं उभी असतात. त्यात शिसं मिसळलेलं नसू दे, त्याच्या चिमटीभरानंही दाणे बिघडतात. लॅडल धरणाऱ्याच्या पायात बूट असू दे आणि तो घरी अंगावर फोड न घेता जाऊ दे. माल कमी भरला म्हणून वरून कुणी बोललं तर मला ऐकून घेण्याचं बळ दे. बद्द वाजलेला नग बाजूला ठेवताना माझा हात आता थांबू देऊ नकोस.

धातू पंधराशे अंशांवर आलाय, आई. लॅडल भरतेय. घड्याळावरची माझी नजर हलू देऊ नकोस.