येशूचे ईश्वरत्व आणि पंडिता रमाबाईंचा आक्षेप

पांढुर्णा आणि सौसर या मराठी मुलखात देवाने मनुष्यरूप घेणे ही गोष्ट कोणालाही अशक्य वाटत नाही, आणि म्हणूनच येशू हा देव आहे काय या प्रश्नातील खरी अडचण तेथील वाचकाच्या सहसा लक्षात येत नाही. अवतारकल्पनेत वाढलेला माणूस येशूला आणखी एक अवतार मानून पुढे जातो. महानुभाव पंथाने तर परमेश्वराचे पाच अवतार सांगून त्यांत श्रीचक्रधरांचा समावेश केला आहे. ख्रिस्ती शास्त्राची अडचण नेमकी उलट दिशेची आहे. येशू ज्या यहुदी समाजात जन्मला, त्याच्या धर्माचे पहिले सूत्र असे होते की परमेश्वर एकच आहे आणि त्याच्याखेरीज कोणाचीही उपासना करायची नाही. हे सूत्र जुन्या करारातील अनुवाद या ग्रंथात आहे, आणि सर्वांत मोठी आज्ञा कोणती असे विचारले गेले तेव्हा येशूने स्वतः त्याचाच उच्चार केल्याचे मार्ककृत शुभवर्तमान सांगते. असा एकदेववाद मानणाऱ्यांनी एका सुताराला प्रभू म्हणून त्याच्यापुढे गुडघे टेकावेत, हे कसे घडले आणि त्याला शास्त्राचा आधार कोणता, हा मूळ प्रश्न आहे.

मराठी विचारवंतांत हा प्रश्न सर्वांत धारदारपणे विचारला तो पंडिता रमाबाईंनी (1858–1922). संस्कृत शास्त्रांत पारंगत आणि ब्राह्मो विचारांच्या सहवासातून आलेल्या रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. त्या निर्णयामागे काशीत वाढलेले व पुढे ख्रिस्ती झालेले चित्पावन पंडित नीळकंठशास्त्री तथा नेहेम्या गोऱ्हे यांच्या लेखनाचाही प्रभाव होता. बाप्तिस्म्यानंतर मात्र रमाबाईंचा वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार झाला. त्यात त्यांनी येशूला ख्रिस्त, म्हणजे देवाने अभिषिक्त केलेला तारणारा, मानले. परंतु तो पित्याच्या बरोबरीचा देव आहे आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव आहे, हा त्रैक्याचा सिद्धांत शास्त्रात दाखवून द्यावा, अशी त्यांची मागणी होती. धर्मगुरू सांगतात म्हणून मानावे, हे त्यांना मान्य नव्हते. जेराल्डिन यांना यात अहंकार दिसला. बील यांनी निदान वाद घातला. ए. बी. शहा यांनी संपादित केलेली ही पत्रे 1977 मध्ये प्रसिद्ध झाली, आणि श्रद्धेच्या ओलाव्यापेक्षा पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची शिस्त त्यांत अधिक आढळते.

रमाबाईंचा पूर्वपक्ष दुबळा नव्हता. कोणी उत्तम गुरुजी म्हटले तेव्हा येशूने देवाशिवाय कोणी उत्तम नाही असे उत्तर दिले. शेवटची घटका पुत्रालाही ठाऊक नाही, ती फक्त पित्याला ठाऊक आहे, असे तो मार्कमध्ये सांगतो. आणि ज्या योहानकृत शुभवर्तमानावर ईश्वरत्वाची भिस्त ठेवली जाते, त्यातही पिता आपल्यापेक्षा थोर असल्याचे तोच म्हणतो. आपण आणि पिता एक आहोत, हे योहानातील दहाव्या अध्यायातले प्रसिद्ध विधानही प्रचारात मानले जाते तितके निर्णायक नाही, कारण देवनिंदेचा आरोप येताच येशू स्तोत्रसंहितेचा दाखला देऊन तेथे माणसांनाही देव म्हटल्याचे दाखवतो. तीन स्वर्गीय साक्षीदारांविषयीचे योहानाच्या पहिल्या पत्रातील वाक्य जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाही, आणि रमाबाई इंग्लंडला पोहोचण्याच्या दोनच वर्षे आधी, 1881 च्या सुधारित इंग्रजी नव्या करारातून ते वगळले गेले होते.

उत्तरपक्षाचे बळ वेगळ्या ठिकाणी आहे. पौलाने करिंथकरांस लिहिलेले पहिले पत्र येशूच्या मृत्यूनंतर साधारण पंचवीस वर्षांच्या आतले, म्हणजे शुभवर्तमानांहूनही जुने आहे, आणि त्यात एकच देव, एकच प्रभू या सूत्राची फोड करून देव म्हणजे पिता आणि प्रभू म्हणजे येशू अशी मांडणी केली आहे, म्हणजे एकदेववादाच्या मूळ वाक्यातच येशूला जागा दिली आहे. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातील वचन त्याहून धीट आहे. यशयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात आपल्याखेरीज दुसरा देव नाही असे बजावून परमेश्वर स्वतःची शपथ वाहतो की प्रत्येक गुडघा आपल्यापुढे टेकेल. पौल तेच शब्द येशूच्या नावापुढे टेकणाऱ्या गुडघ्यांसाठी वापरतो, आणि ते पित्याच्या गौरवासाठी असल्याचेही जोडतो. परमेश्वराने केवळ स्वतःसाठी राखून ठेवलेला मान एखाद्या यहुद्याने दुसऱ्या कोणाला द्यावा, ही साधी अतिशयोक्ती असू शकत नाही. योहानकृत शुभवर्तमान हेच उघड करते: प्रारंभीचा शब्द देवाजवळ होता आणि देव होता असे सांगून ते सुरू होते, आणि विसाव्या अध्यायात थोमा पुनरुत्थित येशूला आपला प्रभू आणि आपला देव म्हणतो, तेव्हा येशू त्याला अडवत नाही. तात्पर्य हे की शास्त्रात त्रैक्याचे सूत्र नाही, पण ज्या उपासनेचा उलगडा त्या सूत्रावाचून होत नाही, ती उपासना आहे; रमाबाईंनी सूत्र शोधले, आणि ते सापडत नाही हे त्यांचे म्हणणे खरेच होते.

पुढे त्यांची श्रद्धा परंपरेच्या जवळ आली. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून, ज्यात त्या काळी पांढुर्णा आणि सौसरही येत, शेकडो मुलींना केडगावात आणले, आणि तेथेच हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर 1924 मध्ये प्रसिद्ध झाले.

शास्त्रात न सापडणारे सूत्र परंपरेने नंतर बांधले. पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे हे, पुत्राला निर्मित मानणाऱ्या एरियसच्या विरोधात, ठरवले ते 325 च्या निकीया परिषदेने. रमाबाईंना विशेष खटकलेला अथनासियसचा मानलेला मतांगीकार त्या परिषदेच्या बराच नंतरचा आहे. आपल्याला न मानणाऱ्याचा नाश होईल असे तो बजावतो. छिंदवाड्यात मुख्यालय असलेली इव्हँजेलिकल लुथरन मंडळी स्वीडिश मिशनच्या कामातून उभी राहिली, आणि ती ज्या लुथरन परंपरेतली आहे तिच्या 1580 च्या कॉन्कॉर्ड ग्रंथात निकीयाचा आणि अथनासियसचा असे दोन्ही मतांगीकार आहेत. पुत्राला घटका ठाऊक नाही या वचनाचे उत्तर परंपरेने पुढे 451 च्या खाल्किदोन परिषदेच्या आधारे दिले: येशूत दैवी आणि मानवी अशी दोन स्वरूपे असून अज्ञान मानवी स्वरूपाचे आहे. हे स्पष्टीकरण मार्कच्या वाक्याला बाधक नाही, परंतु ते मार्कचे नव्हे, आणि बील यांच्याकडे रमाबाईंनी मागितलेला शास्त्राधार नेमका याच जागी तोकडा पडतो.