वाट पाहणाऱ्याचा आळस

एका कनिष्ठ सहकाऱ्याच्या प्रोग्रॅमला मी भर बैठकीत ‘आळशी’ म्हणालो. प्रोसेसर सेकंदाला शेकडो अब्ज गणितं करू शकतो आणि याचा प्रोग्रॅम जेमतेम अडीच अब्ज करत होता. एक टक्काही धड नाही. तो गप्प राहिला.

नंतर मोजायला बसलो. मेमरीची गती कागदावर सेकंदाला ५१.२ गिगाबाइट होती. जॉन मॅककॅल्पिन यांची ‘स्ट्रीम’ चाचणी चालवली, तर ३३ आले. चाचणीतलं काम साधं असतं. एका रांगेतला आकडा गुणायचा, दुसऱ्या रांगेतल्यात मिळवायचा, तिसऱ्या रांगेत ठेवायचा. गणितं दोन, ने-आण २४ बाइटांची. या हिशेबाने सेकंदाला पावणेतीन अब्जांच्या वर कोणीच जाऊ शकत नाही. सहकाऱ्याचं काम नेमकं याच जातीचं होतं. म्हणजे तो छताला टेकलेला होता, आणि मी त्याला आकाश दाखवत होतो.

त्यात ३३ हा आकडाही निखळ नव्हे. लिहायच्या जागेतला जुना मजकूर प्रोसेसर बहुधा आधी वाचून आणतो. ती फेरी चाचणी मोजत नाही. ती धरली तर ४४ होतात. गंमत म्हणजे डेटाची वाट पाहत ताटकळलेला प्रोसेसर ‘टॉप’मध्ये शंभर टक्के कामात दिसतो.

मी आण्याचा. जुन्नर हा धरणांचा तालुका: माणिकडोह, पिंपळगाव जोगे, येडगाव, वडज, चिल्हेवाडी. आमचं पठार मात्र कोरडं, कारण कालवे खालच्या अंगाने जातात आणि पाणी आपणहून चढत नाही. ‘एवढी धरणं असून तुम्ही बाजरीच कशी काढता?’ असं कोणी विचारलं की माझा संताप व्हायचा. धरणातला साठा बघून पठारावरच्या शेतकऱ्याला जोखणारा माणूस आणि बैठकीतला मी, यांत फरक काय?

तरी एक शंका राहतेच. मर्यादा मोजली की ती सबबही होऊ शकते. पण सबब आहे की अडचण, हे शोधण्याचं ओझं मला वाटतं दोष देणाऱ्याने आधी उचलावं. मी ते बोलल्यानंतर उचललं.

पुढच्या बैठकीत आकडे मांडले आणि चूक कबूल केली. तो म्हणाला, “सर, एकाच रांगेवरून आपण दोनदा फिरतो. दोन्ही फेऱ्या एकत्र केल्या तर एक ने-आण वाचेल. त्या दिवशी हेच सांगणार होतो.”