करुणा आणि हिशेब

औषध देणाऱ्याचा हेतू शुद्ध असला, म्हणजे त्याचे कर्तव्य संपते काय? प्रश्न जुनाच आहे; परंतु रुग्ण जेव्हा तान्हे मूल असते, तेव्हा त्याला निराळी धार येते. मोठा माणूस औषध नाकारू शकतो, निदान त्याने काय होते ते सांगू तरी शकतो. अर्भकाला तोही अधिकार नाही.

या संदर्भात १९५९ साली प्रसिद्ध झालेला लॉस एंजेलिस काउंटी रुग्णालयातील वृत्तान्त आम्हांस विचारणीय वाटतो. मातेचे पाणी जाऊन चोवीस तास उलटल्यावर जन्मलेल्या, अपुऱ्या दिवसांच्या बालकांना जंतुसंसर्गाची भीती असते; म्हणून त्यांना आधीच प्रतिजैविके देत असत. डॉक्टरांनी अशा बालकांचे चार गट केले. एकास काहीच दिले नाही; एकास क्लोरॅम्फेनिकॉल, एकास पेनिसिलिन व स्ट्रेप्टोमायसिन, आणि एकास ही तिन्ही. काहीच न दिलेल्यांपैकी सुमारे एकपंचमांश बालके दगावली; ज्यांना क्लोरॅम्फेनिकॉल मिळाले, त्या दोन्ही गटांतील निम्म्याहून अधिक गेली. त्यांचे पोट फुगे, श्वास अडखळे, अंग राखाडी पडे. अपक्व यकृताला ते औषध निष्प्रभ करता येत नव्हते, मूत्रपिंडांना ते पुरेसे बाहेर टाकता येत नव्हते. मात्रेमागून मात्रा रक्तात साचत गेली.

येथे दुष्ट कोणीच नव्हता. एकेका खाटेपाशी उभ्या असलेल्यास इतकेच दिसे, की अशक्त मूल होते, ते वाचले नाही. दोष दुबळेपणावर जाई. औषधाचा अपराध उघड झाला, तो चारही गटांच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या तेव्हा.

मोजदादीसाठी काही बालकांना औषधावाचून ठेवणे निर्दयपणाचे नव्हे काय, असे कोणी विचारील. औषध हितकर आहे हे ठाऊक असते, तर ते निर्दयपणाचेच ठरते. परंतु ते ठाऊक नव्हते. तसा केवळ विश्वास होता. आणि आपल्या विश्वासाची किंमत दुसऱ्याच्या मुलाने द्यावी, हे कोणत्या दयेत बसते?

यावरून औषधांचे भय धरणे ही मात्र दुसरी चूक होईल. खऱ्या जंतुदोषात प्रतिजैविकास विलंब झाला, तर मूल हातचे जाते. परंतु आजही जुलाब, पुरळ यांचे खापर दुखण्यावर फोडणे सोपे असते. जेंटामायसिनने कानास इजा झाली, तर तान्हे मूल ते सांगणार कसे?

कार्यालयात दिवस घालवणाऱ्या आम्हां मंडळींना नोंदवहीचा वीट येतो. तरी ज्याला बोलता येत नाही, त्याच्या वतीने बोलणारी तीच असते. म्हणून मात्रा दिल्यावर मुलाकडे पुन्हा पाहणे, दिसेल ते लिहिणे आणि लिहिलेले आपल्या मताविरुद्ध गेले तरी मानणे, हा आम्ही करुणेचाच भाग समजतो.